नमुना घडाचा

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातली द्राक्षे युरोपला जायची असतील, तर काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येतो. प्लॉटचा नोंदणी क्रमांक ताडून बघतो. ठरवून दिलेल्या पद्धतीने वेगवेगळ्या वेलींवरचे घड तोडतो, पिशवीत भरतो, सील करतो. पुढे त्या घडात शेकडो रसायनांचा माग काढला जातो. ज्या औषधाला स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच मुभा असते. शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम, इतका हा हिशेब बारीक आहे.

हा माणूस घड तोडत असतो, तेव्हा त्याच बागेत हंगामभर फवारणीचा ब्लोअर फिरवलेला गडी बांधावर बसलेला असतो. त्याचा नमुना कोणी मागत नाही.

द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो. औषध खालून वर मारायचे आणि वरून अंगावर घ्यायचे, अशी ही फवारणी. छाटणीनंतर पाऊस लागला आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाची भीती बसली, की रात्रीही ट्रॅक्टर बागेत जातो. तोंडाला टॉवेल, पायात चप्पल. बॅरलमधले औषध काठीने ढवळायचे आणि काठी सापडली नाही तर हाताने. पोटात किती गेले, कातडीतून किती मुरले, याची नोंद कुठेच होत नाही.

कायद्याला हे सुचले नव्हते, असे म्हणता येणार नाही. कीटकनाशक नियम १९७१ सालचे आहेत. त्यातला नियम ३७ सांगतो, की ऑर्गनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गटातली औषधे तयार करणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या रक्तातले कोलिनएस्टरेज महिन्यातून एकदा तरी मोजावे. फवारणीच्या नोकरीवर ठेवलेल्या माणसाला वर्षातून एकदा डॉक्टरने तपासावे. पेस्ट कंट्रोलवाल्यांकडच्या फवारणी कामगाराची रक्ततपासणी डॉक्टरने सांगितली तर करावी. आपल्याच बागेत औषध मारणारा बागायतदार कोणाच्या नोकरीत नाही. चार दिवस रोजावर आलेला गडी कोणत्या रजिस्टरात नाही. औषध तेच, माणसाचे रक्तही तसलेच. डबा कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला, की महिन्याची तपासणी मात्र आतच राहते.

आता ती तपासणी काय सांगते, ते पाहा. कोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंचा निरोप पोचल्यावर तो थांबवणारे विकर. ऑर्गनोफॉस्फरस आणि कार्बामेट औषधे नेमके तेच बंद पाडतात. पण त्याची पातळी माणसामाणसात फार वेगळी असते. मुळात जास्त असलेल्याची पातळी चांगली घसरली, तरी कागदावर ‘नॉर्मल’ येते. म्हणून चक्कर येऊन दवाखान्यात आणलेल्या माणसाचा एकुलता एक रिपोर्ट फार काही बोलत नाही. फवारणी सुरू होण्याआधीचा त्याचा स्वतःचा आकडा हाताशी लागतो. कॅलिफोर्नियात १९७४ पासून शेतात औषधे हाताळणाऱ्या मजुरांचा असा आकडा घेतात. तो वीस टक्क्यांनी घसरला, की कामाची पद्धत तपासायची. आणखी घसरला, की माणसाला औषधापासून दूर ठेवायचे. चक्कर येण्याची वाट बघायची नाही.

सांगलीच्या बागेत एवढ्या एका तपासणीने भागणार नाही, हे खरे. मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशके कोलिनएस्टरेजमध्ये दिसत नाहीत. पण मॅन्कोझेब शरीरात गेले, की त्याचे रूपांतर होऊन बनलेले इथिलीन थायोयुरिया लघवीत उतरते आणि ते मोजता येते. द्राक्षातले अवशेष ज्या जातीच्या यंत्रांवर शोधतात, त्याच जातीच्या यंत्रांवर हेही शोधतात. तेव्हा यंत्र नाही, तंत्र नाही, ही सबब इथे चालत नाही. मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव तासगावपासून तासाभरावर आहे.

अडचण मागणीची आहे. घडाचा रिपोर्ट गिऱ्हाईक मागते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अवशेष सापडले म्हणून भारतीय द्राक्षे युरोपात अडली. ती झळ इथल्या प्रत्येक बागायतदाराला आठवते आणि त्यानंतर ‘रेसिड्यू’ हा शब्द पारावरचा झाला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. सरकारने विशेष तपास पथक नेमले. त्यातून बागेतल्या गड्याचे रक्त हंगामाआधी मोजण्याचा रिवाज काही पडला नाही. माल परत आला तर बँकेचे हप्ते थकतात. माणूस आजारी पडला, तर दुसऱ्या दिवशी बदली गडी मिळतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, साताऱ्याचे आले, खटाव-माणमधल्या बागा, कुठेही विचारा, पिकाला काय मारले ते पटापट सांगतील. मारणाऱ्याचे विचारू नका.

फार मोठी योजना लागत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर रक्ताचा एक नमुना, फवारणीची धामधूम चालू असताना दुसरा. निर्यातदार बागायतदाराकडे फवारणीची वही असतेच. तिच्यात तारीख असते, औषधाचे नाव असते, मात्रा असते, काढणीला किती दिवस राहिले तेही असते. घडाची एवढी काळजी घेणाऱ्या वहीत आणखी एक रकाना मावतो. तो आखायला युरोपातून कोणी सांगण्याची वाट का बघायची?