शॉकअप घरी बदला, पण बिल जपून ठेवा

मंडळी, पावसाळा सरला की गॅरेजवर एकच तक्रार, "मागून गाडी आदळतेय." आणि आपण मुकाट्याने पैसे मोजतो. खड्डा रस्त्याचा, भुर्दंड आपला!

आधी कामाचं. जुन्या पद्धतीचे दोन शॉकअप असलेल्या गाडीचं हे काम घरी होतं. सीटवर जोर देऊन सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली किंवा दांडीवर तेल दिसलं तर शॉकअप गेलं समजा. बदलायचे तर जोडीनेच. एक नवं, एक जुनं असलं की गाडी वळणावर नीट धरत नाही.

गाडी डबल स्टँडवर, सपाट जागेवर. एका वेळी एकच बाजू सोडवायची. दोन्ही एकदम काढले की मागचा चिमटा चाकासकट खाली येतो. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत. नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळा आणि स्प्रिंगची सेटिंग दोन्हीकडे सारखी ठेवा. मोनोशॉकवाल्यांनी मात्र गॅरेजच गाठावं, आणि गॅसचं शॉकअप कुणीही उघडायच्या फंदात पडू नये.

मजुरी वाचली, छान. पण म्हणून विषय संपतो का? रस्ता तसाच राहिला तर नवे शॉकअपही तेच भोगणार. आणि शॉकअप गेलेली गाडी खड्ड्यात चाक उचलते, ब्रेक लागत नाही. मागे बायको-पोरं बसलेली असतात हो!

रस्त्याच्या ठेक्यात साधारणपणे दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. तरी आपल्याच करातून पुन्हा मुरूम पडतो. का? कारण मुदत कधी संपते हे कुणी विचारतच नाही.

विचारा ना! माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. रस्ता कोणी केला, कधी केला, मुदत कधीपर्यंत, बस्स. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ मध्ये निकृष्ट रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यात जीव गेल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्या असं सांगितलं. पण भरपाई जीव गेल्यावर मिळते. अर्ज आधी करता येतो.

काही जण म्हणतील, गाडी हळू चालवा. चालवतोच की. पण पाण्याने भरलेला खड्डा रात्री दिसतो कुणाला?

तेव्हा पाना हातात घ्या, आणि पेनसुद्धा. आपल्या भागातला सगळ्यात वाईट रस्ता कोणता, कमेंटमध्ये लिहा. पहिला अर्ज त्याच रस्त्याचा टाकू.