ऋण काढून सण

२००८ च्या जागतिक मंदीतून देशाला संपुआ सरकारच्या प्रोत्साहन योजनांनी तारले, असे काँग्रेसचे धुरीण आजही अभिमानाने सांगतात. शंका घेणाऱ्यावर पक्षीय आकसाचा ठपका ठेवला जातो. तेव्हा तारखाच तपासू या.

लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक १५ सप्टेंबर २००८ रोजी कोसळली. साठ हजार कोटींची कर्जमाफी मात्र त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला घोषित झाली होती. सहाव्या वेतन आयोगालाही ऑगस्टमध्येच मान्यता मिळाली होती. संकट दारात येण्यापूर्वीच तिजोरीची दारे सताड उघडली गेली होती. पुढे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तीन योजना आल्या आणि एप्रिलमध्ये लोकसभेचे मतदान सुरू झाले. हा निव्वळ योगायोग मानायचा काय?

अर्थसंकल्पात २.५ टक्के दाखवलेली वित्तीय तूट ६ टक्क्यांवर गेली. अटलजींच्या कारकिर्दीत, २००३ मध्ये संमत झालेला वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा कागदावरच राहिला. मंदीत सरकारने हात आखडता घ्यावा, असे कोणी म्हणत नाही. परंतु रस्ते, वीज, सिंचन यांसाठी काढलेले कर्ज पुढील पिढीला फेडता येते; मतांवर डोळा ठेवून काढलेले कर्ज केवळ तिच्या माथी बसते. २०१२-१३ मध्ये किरकोळ महागाई दहा टक्क्यांच्या घरात पोहोचली. २००९ चा दुष्काळ तिला कारण होता, तशीच ही उधळपट्टीही. सणाचे देणे अखेर गृहिणीच्या किराणा यादीतून वसूल झाले.

सत्तेवर कोणीही असो, तिजोरीचा हिशेब मागितलाच पाहिजे. त्याला कोणी पक्षीय आकस म्हणत असेल, तर खुशाल म्हणो!