'विराट'नंतर 'विक्रमादित्य'

विमानवाहू नौका 'विराट' ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली आणि साडेतीन वर्षांनी अलंगला भंगारात गेली. १९५९ पासून ब्रिटनची 'हर्मीस', १९८७ पासून आपली. फॉकलंडच्या युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवतीजवळ तिच्या संग्रहालयाचा ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला; तो कागदावरच राहिला. त्याआधी विमानवाहू 'विक्रांत'चीही दारूखान्यात तीच गत झाली. खाऱ्या पाण्यातले पोलाद शासकीय निर्णयासाठी थांबत नाही. ते गंजते, डागडुजीचा खर्च फुगतो आणि शेवटी लिलावच परवडतो. आपली विमानवाहू 'विक्रमादित्य'ही आता जुनी आहे; ती १९८७ साली सोव्हिएत नौदलात दाखल झालेली. ती जपायची की तोडायची, पैसा कोण देणार, हे ती सेवेत असतानाच संरक्षण मंत्रालयाने ठरवावे.