क्रमांक घासू नका

केंद्र सरकारच्या कार्यालयांत २०२१ पासून दर वर्षी २ ते ३१ ऑक्टोबर या काळात विशेष मोहीम चालते. तुंबलेली प्रकरणे निकाली काढायची, भंगार विकायचे, जागा मोकळी करायची. मोहिमेला आमचा विरोध नाही. जिन्याखाली रचलेली मोडकी कपाटे कोणालाच नको आहेत. पण दिल्लीत या मोहिमेला आता स्थलांतराची जोड मिळाली आहे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी कर्तव्य भवन-३ चे उद्घाटन झाले, मंत्रालये नव्या इमारतींत जाऊ लागली, आणि शास्त्री भवन, कृषी भवन, उद्योग भवन, निर्माण भवन या जुन्या इमारती पाडायच्या यादीत आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांतले सरकारी फर्निचर यापुढे भराभर निर्लेखित होणार, म्हणजे नोंदवहीतून वजा होऊन विकले जाणार. तो माल दिल्लीतल्या अमर कॉलनी आणि कीर्तीनगरमार्गे आपल्या ओशिवऱ्यात, चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारातही येतो. तो कोणत्या ओळखीने येतो, एवढ्याच मुद्द्यावर या अंकात बोलायचे आहे, कारण वाचकांच्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

निर्लेखनाचा नियम वाचून पाहावा. सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१७ सांगतो की विक्रीआधी वस्तूचे पुस्तकी मूल्य, मार्गदर्शक किंमत आणि राखीव किंमत काढावी. पुस्तकी मूल्य निघत नसेल तर मूळ खरेदीची किंमत धरावी. पत्र्याच्या कपाटाला किंवा बंद पडलेल्या संगणकाला हा नियम ठीक आहे. पण साठच्या दशकात सुताराकडून करून घेतलेल्या, दोन माणसांना उचलाव्या लागणाऱ्या सागवानी टेबलाला तो लावला की राखीव किंमत त्या काळातल्या रुपयांत निघते. निर्लेखनाच्या अहवालाचा जो नमुना आहे, म्हणजे जीएफआर-१०, त्यात नगाचे वर्णन, संख्या किंवा वजन, स्थिती आणि खरेदीचे वर्ष असे रकाने आहेत. खरेदीचे वर्ष! आपला जुन्या फर्निचरचा सगळा धंदा ज्या एका माहितीवर उभा आहे ती विचारणारा रकाना सरकारनेच छापून ठेवला आहे. तरीही लॉटच्या यादीत आपल्या हाती पडते ते ‘लाकडी खुर्च्या, मोडक्या, मिश्र’ या थाटाचे वर्णन. कोणत्या कार्यालयातून आल्या, कधी घेतल्या, कोणत्या खात्याने करून घेतल्या, काही नाही. नमुना भरणाऱ्याने एक रकाना नीट भरला असता तर पुढची दहा वर्षांची भांडणे टळली असती. हा आळस आहे आणि त्याला दुसरे नाव द्यायची आमची तयारी नाही.

चंदीगडचे उदाहरण सर्वांना पाठ आहे, पण त्यातून घ्यायचा धडा बहुतेकांनी चुकीचा घेतला आहे. वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या कार्यालयांसाठी आणि विद्यापीठासाठी बनलेल्या सागवान-वेताच्या खुर्च्या भंगाराच्या लिलावात गेल्या आणि पुढे पॅरिस-लंडनच्या लिलावगृहांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. मग केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये या वारसा-वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली आणि शहरात १२,७९३ वस्तूंची यादी झाली. तरी परदेशी लिलाव थांबले नाहीत, कारण १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा अशा वस्तू किमान शंभर वर्षे जुन्या असतील तरच पुरावशेष मानतो आणि विकत घेणाऱ्यांकडे सरकारी लिलावाच्या पावत्या होत्या. या प्रकरणात लोक चोरी शोधतात. खरे नुकसान यादी उशिरा झाल्याचे आहे. माल गेल्यानंतर यादी झाली. ती विक्रीच्या दिवशीच झाली असती तर बंदीची गरजही फारशी पडली नसती.

दिल्लीने हाच प्रकार इमारतींच्या बाबतीत पाहिला आहे. वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांचे १९७२ चे हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत पाडले गेले. वारसा संवर्धन समितीने साठ वर्षे न भरलेली वास्तू विचारात घ्यायला नकार दिला होता. इमारतीला साठ, खुर्चीला शंभर. काँक्रीट उघडे ठेवणाऱ्या ब्रुटलिस्ट पिढीचे बहुतेक काम या दोन आकड्यांच्या अलीकडे पडते. शिवनाथ प्रसाद यांचे मंडी हाऊसजवळचे श्रीराम सेंटर किंवा कुलदीप सिंग यांचे पालिका केंद्र ज्या काळात उभे राहिले, त्या काळाचे सामान कायद्याच्या दृष्टीने ना प्राचीन आहे ना नवे. त्याला फक्त निर्लेखन ठाऊक आहे.

आता बाजारात काय चालले आहे ते पाहू. परदेशात ‘ब्रुटलिस्ट’ म्हणून ज्या नगांना मागणी आहे, त्यांच्यावर बहुधा नाव असते. पेनसिल्व्हेनियातल्या पॉल इव्हान्सच्या वेल्डिंग केलेल्या पोलादी कपाटांवर पुष्कळदा सही आणि साल सापडते. सी. जेरे ही सही तर एका माणसाची नाहीच. साठच्या दशकात सुरू झालेल्या आर्टिझन हाऊसच्या दोन मालकांच्या नावांतून ती जुळवलेली आहे, पण ती धातूच्या भिंतीशिल्पांवर आणि आरशांवर असते, अनेकदा सालासह, आणि त्यामुळे नग ओळखता येतो. आपल्याकडे सही नाही. म्हणून मुरादाबादेत गेल्या हिवाळ्यात बनलेला पितळी तुकड्यांचा आरसा गुरुग्रामच्या दुकानात ‘सत्तरच्या दशकातला, दिल्लीच्या हॉटेलातून निघालेला’ होतो. मुरादाबादच्या कारागिरात उणे काही नाही. त्याने उत्तम नवा आरसा केला आहे आणि तो नवा म्हणूनच विकला जावा. खोटे त्यावर चिकटवलेल्या सालात आहे.

हे खोटे पकडणे वाटते तितके अवघड नाही. भारतात फ्लोट काच नव्वदच्या दशकात बनू लागली. त्याआधीच्या ओढीव काचेत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब तिरपे पाहत डोके हलवले की रेघ लाटेसारखी वळते. काच अगदी सपाट असेल तर बहुधा ती बदललेली आहे किंवा आरसा नवा आहे. दोन्हींपैकी काय ते गिऱ्हाइकाला सांगायला हवे. खऱ्या जुन्या आरशात चांदीचा थर सहसा कडेकडून काळा पडत आत येतो, कारण ओल फटीतून शिरते. ॲसिड लावून केलेले डाग काचेच्या मधोमध, हौसेने शिंपडल्यासारखे असतात. चौकट उलटी करून वेल्डिंग पाहा. गॅसच्या टॉर्चने केलेली पितळी झाळ ओबडधोबड, कमीजास्त जाडीची असते. एकसारखी मण्यांची ओळ दिसली तर काम बहुधा अलीकडच्या यंत्राचे आहे. कळंकही नखाने खरवडून पाहावा. खाली पितळ लखलखीत निघाले तर तो कळंक रसायनाचा असण्याचीच शक्यता जास्त.

लाकडी सामानाला मात्र यापेक्षा मोठा पुरावा असतो, आणि तो आपलेच लोक नष्ट करतात. सरकारी खुर्चीच्या पाठीमागे किंवा आसनाखाली पांढऱ्या रंगात कार्यालयाचे संक्षिप्त नाव आणि अनुक्रमांक लिहिलेला असतो. चंदीगडच्या खुर्च्यांची ओळख याच रंगवलेल्या अक्षरांवरून पटते. आपला पॉलिशवाला पहिल्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन ती अक्षरे साफ करतो, वर लाखेचे पॉलिश चढवतो, आणि मालक खूश होतो की माल नव्यासारखा झाला. मग तोच मालक आम्हाला पत्र लिहितो की गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, भाव पाडून मागते. विश्वास कशावर ठेवायचा? आसनाखालचा भाग न घासता सोडायला एक पैसा लागत नाही. वेत नव्याने विणा, सैल सांधे बसवा, पण ज्या पट्टीवर क्रमांक आहे ती पट्टी बदलू नका. बदलावीच लागली तर जुनी पट्टी गिऱ्हाइकाला सोबत द्या.

काही सभासदांचा आक्षेप असा की नोंदी झाल्या तर लिलावात राखीव किंमत चढेल आणि आपला नफा जाईल. किंमत थोडी चढेल हे खरे. पण आज आपला नफा सरकार खात नसून बनावट माल खातो. अस्सल सागवानी टेबलाला त्याच्या नकलेच्या भावाशी स्पर्धा करावी लागते. दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांच्या बाजूने येतो: आम्ही कला-तज्ज्ञ नाही, प्रत्येक खुर्चीचे परीक्षण कोण करणार? परीक्षण कोणी मागितलेलेच नाही. मोहिमेत रिकाम्या झालेल्या खोलीचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढले जातात. तोच फोन खुर्ची उलटी करून एकदा तिच्या क्रमांकावर धरावा, एवढेच. आणि हे फर्निचर कुरूप आहे, त्यासाठी एवढी यातायात कशाला, असे म्हणणाऱ्यांना एवढेच उत्तर की आवड-नावड ठरवायला वस्तू आणि तिचे साल दोन्ही शिल्लक राहावे लागते.

म्हणून दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद इथल्या सभासदांना विनंती आहे. ज्या कार्यालयाच्या लिलावात तुम्ही बोली लावता त्याच्या प्रमुखाला लेखी विचारा: जीएफआर-१० मधला खरेदीच्या वर्षाचा रकाना भरला आहे का, आणि त्याची प्रत लॉटसोबत मिळेल का. नकार आला तर माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क दहा रुपये आहे. माल हाती आला की पॉलिशआधी क्रमांकाचा जवळून एक फोटो, पूर्ण नगाचा एक, आणि लिलावाच्या पावतीची प्रत एका पाकिटात घालून ते पाकीट नगाबरोबर पुढे द्या. मुंबई-पुण्याच्या खरेदीदारांनी असे पाकीट मागितल्याशिवाय ‘सरकारी सागवान’ किंवा ‘ब्रुटलिस्ट’ या नावाखाली पैसे मोजू नयेत. आणि आपल्या पॉलिशवाल्याला आजच सांगा.