छांदिष्टांचा कैवार

मनुष्याची हौस प्रतिष्ठित वस्तूंवर जडली तर आमचा सुशिक्षित वर्ग तिला रसिकता म्हणतो. तीच हौस अप्रतिष्ठित वस्तूंवर जडली तर तिला वेड म्हणतो. जुन्या तसबिरी जमविणारा रसिक, दुर्मिळ पोथ्यांमागें धांवणारा संशोधक, गवयांच्या घराण्यांची वंशावळ तोंडपाठ सांगणारा दर्दी. पण वाफेच्या एंजिनांचे क्रमांक वहींत टिपून ठेवणारा, कचरा वाहणाऱ्या मोटारीचें छायाचित्र घेण्यासाठीं पहाटे रस्त्याच्या कडेला उभा राहणारा, किंवा खेळण्यांतल्या वीतभर वीराचें डोकें काढून त्या जागीं स्वतः घडविलेलें डोकें बसविणारा मनुष्य दिसला, कीं आम्ही एकमेकांकडे पाहून हसतों आणि म्हणतों, "चालला आहे पोरखेळ!" अशीं माणसें इंग्लंड-अमेरिकेंत हजारोंनीं आहेत, आणि आपल्याकडेहि आतां दिसूं लागलीं आहेत. त्यांचा छंद थोर कीं क्षुद्र, हा प्रश्न मला गौण वाटतो. त्यांना हसणाऱ्यांचा अधिकार काय, हा खरा प्रश्न आहे.

हसणाऱ्यांचे आक्षेप तीन. हें सारें गतकालाचें निष्फळ रडगाणें आहे, हा पहिला. प्रौढ माणसानें खेळण्यांत रमणें हें बुद्धीचें दौर्बल्य आहे, हा दुसरा. आणि जेथें माणसाला माणूस विचारीत नाहीं तेथें निर्जीव यंत्रावर प्रेम उधळणें हा अधर्म आहे, हा तिसरा. दिसण्यांत हाच सर्वांत वजनदार. तिन्हींचा क्रमानें समाचार घेऊं.

वाफेच्या एंजिनापासून आरंभ करूं. वेल्समध्यें टॅलिलिन नांवाची एक चिमुकली रेल्वे आहे. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठीं १८६५ च्या सुमारास घातलेला तो सव्वादोन फुटी लोहमार्ग १९५० सालीं बंद पडण्याच्या बेतांत होता. मालक त्याच वर्षीं वारला होता, रूळ गवतांत बुडाले होते, आणि दोन एंजिनांपैकीं चालण्याच्या स्थितींतलें एकच उरलें होतें. त्या ऑक्टोबरांत बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलांत कांहीं हौशी लोक जमले. एल. टी. सी. रोल्ट हा लेखक त्यांच्या अग्रभागीं होता. १९५१ च्या मे महिन्यांत त्यांनीं आपली पहिली गाडी सोडलीहि. हौशी स्वयंसेवकांनीं वांचवून चालविलेली ही जगांतील पहिली रेल्वे. ती आजतागायत चालत आहे.

पुढें ऑगस्ट १९६८ मध्यें ब्रिटिश रेल्वेनें मुख्य मार्गांवरील वाफेची नित्याची वाहतूक संपविली. ज्या एंजिनांनीं दोन महायुद्धांत सैन्यें आणि कोळसा वाहिला, त्यांच्या वर्गांतलीं एंजिनें लोखंडाच्या भावानें विकलीं गेलीं. दक्षिण वेल्समधील बॅरी येथें डाय वुडहॅम याच्या भंगाराच्या आवारांत अशीं २९७ एंजिनें येऊन पडलीं. मालाचे डबे मोडणें अधिक सोपें, म्हणून त्यानें तें काम आधीं हातीं घेतलें, आणि एंजिनें समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत गंजत राहिलीं. त्यांपैकीं २१३ एंजिनें छांदिष्टांनीं वर्गण्या गोळा करून तेथून सोडवून नेलीं. सरकारनें जें मोडीत काढलें, तें कारकुनांनीं, शिक्षकांनीं आणि निवृत्त फिटरांनीं सुटीच्या दिवशीं हात काळे करून वांचविलें. याला रडगाणें म्हणावयाचें काय? रडणारा मनुष्य बसून राहतो. हे लोक उठून कामाला लागले.

याहूनहि बोलकें उदाहरण 'टॉर्नेडो' या एंजिनाचें. पेपरकॉर्न ए-वन जातीचीं ४९ एंजिनें १९४८-४९ मध्यें बांधलीं गेलीं, आणि १९६६ पर्यंत तीं सर्व नष्ट झालीं. वांचवावयास एकहि उरलें नाहीं, तेव्हां हौशी लोकांनीं १९९० सालीं ठरविलें कीं पन्नासावें आपणच बांधावें. आठवड्याला एका बिअरच्या पेल्याएवढी वर्गणी द्या, असें त्यांचें आवाहन होतें. डार्लिंग्टन येथें काम चाललें, आणि २००८ सालीं तें एंजिन स्वतःच्या वाफेवर हललें. या कथेंत एक लज्जास्पद गोष्ट आहे, ती लक्षांत घेण्याजोगी आहे. त्याचा बॉयलर जर्मनींतील मायनिंगेन येथील कारखान्यांतून आणावा लागला. कारण ज्या देशानें जगाला वाफेचें एंजिन दिलें, त्या देशांत एवढा मोठा बॉयलर बांधणारे हात उरले नव्हते. विद्या पुस्तकांत असते, अशी आम्हां प्राध्यापकांची समजूत आहे. पुष्कळशी विद्या हातांत असते, आणि तो हात थांबला कीं एका पिढींत ती मरते. छांदिष्ट त्या हाताला काम देतो. त्याच्या छंदाचें समर्थन याहून अधिक काय करावें?

आतां घरचा हिशोब पाहूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली. 'साहेब', 'सिंध' आणि 'सुलतान' हीं तिच्या एंजिनांचीं नांवें आमच्या शाळकरी मुलांना पाठ असतात. परंतु त्यांपैकीं एकहि एंजिन आज डोळ्यांनीं पाहावयास मिळत नाहीं. नांवें पाठ आणि वस्तु नाहींशी, हें आमच्या विद्वत्तेचें यथार्थ चित्र आहे. १८५५ सालीं लीड्स येथें बांधलेलें 'फेअरी क्वीन' वांचलें, १९९७ मध्यें पुन्हां रुळांवर धांवलें, आणि दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत त्याला घर मिळालें. तें संग्रहालय १९७७ सालीं उघडलें, त्याच्या उभारणींत मायकेल ग्रॅहॅम सॅटो या ब्रिटिश एंजिनप्रेमी गृहस्थाचा मोठा वांटा होता. आमच्या लोखंडी इतिहासाची काळजी वाहावयास परक्या देशांतला एक छांदिष्ट यावा लागला. आम्ही मात्र पोरखेळ, पोरखेळ म्हणून हसत राहिलों.

दुसरा आक्षेप खेळण्यांचा. येथें मला आमच्या पंडितांना त्यांच्याच ग्रंथालयांत नेलें पाहिजे. संस्कृत नाट्यवाङ्मयांतील एका अत्युत्कृष्ट प्रकरणाचें नांव राजावरून पडलेलें नाहीं. तें एका लहान मुलाच्या मातीच्या गाड्यावरून पडलें आहे. शूद्रकाच्या दहा अंकी 'मृच्छकटिका'ची गुंतागुंत त्या गाड्यांत घातलेल्या दागिन्यांशीं बांधलेली आहे. इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक असाल, तर १८२६ साल आठवा. त्या वर्षीं ब्राँटे भावंडांच्या वडिलांनीं लीड्सहून लांकडी शिपायांचा एक संच आणला. त्या मुलांनीं प्रत्येक शिपायाला नांव दिलें, स्वभाव दिला, राज्य दिलें. आणि त्या राज्यांच्या बखरी लिहितां लिहितांच शार्लट आणि एमिली लेखिका झाल्या. एच. जी. वेल्ससारख्या जगन्मान्य लेखकानें १९१३ सालीं खेळण्यांतल्या सैनिकांच्या लढायांवर 'लिटल वॉर्स' नांवाचें पुस्तकच लिहिलें. तेव्हां तो सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या बुद्धीचें दौर्बल्य कोणी सिद्ध करून दाखवील काय?

आजचा हौशी कारागीर याहून निराळें कांहीं करीत नाहीं. कारखान्यांतून एकाच सांच्यांतून निघालेल्या लाखों बाहुल्यांतली एक तो उचलतो. गरम पाण्यांत धरून तिचे सांधे मऊ करतो, अवयव सोडवितो, दुसऱ्या बाहुलीचे हात हिला लावतो, दोन भाग एकत्र मळून कठीण होणाऱ्या लुकणानें नवा अंगरखा किंवा नवें नाक घडवितो. सांध्यांत रंग घांसून निघूं नये म्हणून तेथें कानशीनें केसभर जागा करतो, मग पातळ रंगाचे एकावर एक हात देतो. सर्वांना सारखें म्हणून विकलेलें तो आपल्यापुरतें एकमेव करून टाकतो. कारखान्याच्या युगांत ही बंडखोरी आहे, आणि ती अगदीं निरुपद्रवी बंडखोरी आहे. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे उभे करणाऱ्या मुलाचें आम्ही कौतुक करतों. तोच मुलगा पस्तिशींत स्वतःच्या हातानें मावळा घडवूं लागला, कीं त्याच्या आईबापांना त्याची काळजी वाटूं लागते! ज्याला चार इंची मूर्तीची मान कशी वळते हें कळलें, त्यानें माणसाची मान एकदां नीट पाहिलेली असते. आमच्यांतल्या कितीजणांनीं ती पाहिली आहे?

मात्र एक भेद केला पाहिजे, नाहींतर हा कैवार आंधळा ठरेल. खेळणें पेटींतून बाहेरहि न काढतां, उद्यां भाव चढेल म्हणून कपाटांत कोंडणारा मनुष्य छांदिष्ट नव्हे. तो सटोडिया आहे. त्याला बाहुली आणि कर्जरोखा सारखेच. छंदाची कसोटी वस्तूच्या किंमतीवर किंवा प्रतिष्ठेवर नाहीं. त्या मनुष्यानें त्या वस्तूला किती जाणलें आणि तिच्यासाठीं स्वतःचे हात किती मळविले, यावर ती आहे. या कसोटीला तसबिरी जमविणारे पुष्कळ रसिक उतरणार नाहींत, आणि एंजिनाची राख उपसणारे पुष्कळ वेडे उतरतील.

राहिला तिसरा आक्षेप, आणि त्याच्याबरोबर कचऱ्याची गाडी. आमच्या लोकांना सर्वांत अधिक हसूं येतें तें हिचें. एंजिनांत निदान भव्यता आहे, बाहुलींत निदान कला आहे. पण कचऱ्याच्या गाडींत काय आहे? ज्याला पाहावयाचें आहे त्याच्यासाठीं पुष्कळ आहे. अमेरिकेंतील या गाड्यांचा शोकी पुढून उचलणारी, मागून भरणारी आणि कडेनें हात बाहेर काढणारी, अशा जाती लांबून ओळखतो. गाडीचा सांगाडा एका कारखान्याचा आणि वरची पेटी दुसऱ्याची, हें तो आवाजावरून सांगतो. तेलाच्या दाबानें सरकणारी पोलादी फळी कचरा दाबून निम्म्याहून कमी जागेंत कशी बसविते, हें त्याला ठाऊक असतें. टेनेसींतील नॉक्सव्हिलच्या जॉर्ज डेम्प्स्टर यानें १९३० नंतरच्या दशकांत यंत्रानें उचलतां येणारी लोखंडी पेटी काढली. 'डम्प्स्टर' हा शब्द त्याच्याच आडनांवावरून आला, आणि पुढें तो त्या शहराचा महापौर झाला. पॅरिसमध्यें १८८४ सालीं यूजीन पूबेल या अधिकाऱ्यानें प्रत्येक घरमालकाला झांकणाची कचरापेटी ठेवावयास लावली. फ्रेंच भाषेंत कचरापेटीला आजहि 'पूबेल' म्हणतात. आरंभीं त्यांत थट्टा असेल. पण थट्टा झाली ती अधिकाऱ्याची. आमच्या भाषेंत कचरा आणि मैला उचलणाऱ्या जातींचीं नांवेंच शिव्या म्हणून वापरलीं गेलीं!

येथें या हसण्याचें मूळ उघडें पडतें. आम्ही कचऱ्याच्या गाडीला हसतों तें ती क्षुद्र आहे म्हणून नव्हे. तिच्यावर काम करणाऱ्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या क्षुद्र मानलें, म्हणून हसतों. यंत्रावर प्रेम करण्याऐवजीं माणसावर करा, असें सांगणाऱ्या सज्जनांना मी विचारतों: तुमच्या दारावर घंटागाडी रोज येते, तिच्यावरच्या माणसाचें नांव तुम्हांला ठाऊक आहे काय? १९९३ सालीं एक आणि २०१३ सालीं दुसरा, असे दोन कायदे होऊनहि गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत उतरून माणसें गुदमरून मरतच आहेत. जें काम पोलादी हातानें करावयाचें, तें माणसाच्या हातानें करवून घेणाऱ्या समाजाला पोलादी हाताचें कौतुक हा अधर्म वाटावा, यासारखा विनोद नाहीं. माणसाच्या डोक्यावरची पाटी ज्या यंत्रानें उतरविली, त्या यंत्राकडे प्रेमानें पाहणें हें माणसावरच प्रेम करणें आहे. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ सालीं घातला गेला तो मुंबईच्या कचऱ्याच्या गाड्यांसाठीं. उतारूंसाठीं तो १९२४ सालीं खुला झाला. आज त्या मार्गानें जाणाऱ्या लाखों प्रतिष्ठितांना आपण कोणाच्या वाटेनें जात आहों हें ठाऊक नसतें. असलें कांहीं ठाऊक असलेला मनुष्य भेटला, तर तो बहुधा आमच्या हसण्याचा विषय झालेला छांदिष्टच असतो.

छांदिष्टांनाहि एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. गाडीचें चित्र घेतांना तिच्या पायरीवर उभा असलेला माणूस चौकटीबाहेर ठेवाल, एंजिनाची चकाकी पाहून त्याच्या तोंडाशीं टनावारी कोळसा लोटणाऱ्या माणसाचा भाजलेला हात विसराल, तर तुमचें प्रेम अर्धें आहे. सुदैवानें जो स्वतः फावडें धरतो त्याला हा विसर पडत नाहीं. तो पडतो तो दुरून पाहणाऱ्यांना. आणि दुरून पाहणें हा तर आमच्या वर्गाचा धंदा झाला आहे.

तेव्हां उपदेश छांदिष्टांना नको, आम्हांला हवा. महाविद्यालयांनीं वर्षांतून एक दिवस आपल्या मुलांना नगरपालिकेच्या गाड्यांच्या कारखान्यांत न्यावें. गाडी चालविणाऱ्याला व्यासपीठावर बसवून ती कशी चालते हें त्याच्याच तोंडून ऐकावें. आणि प्राध्यापकांनीं समोर बसून टिपणें घ्यावीं. एखादा विद्यार्थी बसल्या बसल्या वहीच्या मागच्या पानावर त्या गाडीचें चित्र काढूं लागला, तर त्याला दटावूं नये. त्या दिवशीं वर्गांत खरें शिकत असलेला तो बहुधा एकटाच असेल.