व्याज भरत बसू नका, मुद्दल तोडा! परभणी जिल्ह्यातल्या कर्जदार कुटुंबांना जाहीर आवाहन



गेल्या आठवड्यात गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात रात्री आठ वाजता मायक्रोफायनान्स कंपनीचे दोघे वसुलीवाले एका बाईच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरात म्हातारी सासू आणि दोन लेकरं. "हप्ता हातात पडल्याशिवाय उठणार नाही," म्हणाले. शेवटी त्या माउलीनं कानातली फुलं शेजारणीकडे गहाण ठेवली, अकराशे रुपये आणले आणि मोजून दिले. आख्खी गल्ली दारात उभी राहून बघत होती. एकानंही विचारलं नाही की बाबांनो, ही काय वेळ झाली का? राग वसुलीवाल्यांचा आला, त्याहून जास्त त्या बघ्यांचा आला. म्हणून आम्ही बचत गटवाल्यांनी हे पत्रक काढलं आहे.

आधी कायदा ऐका. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, यातलं काहीही चालत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असंही तिथं लिहिलं आहे. आणि कोणी तुम्हाला मुद्दाम सांगत नाही ते हे, की मुदतीआधी पैसे भरले तर कंपनीला एक रुपयाचाही दंड लावता येत नाही. "मॅडम, आधी भरलं तर चार्ज पडतो" असं सांगणारा साहेब खोटं बोलतो. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा 14448 हा क्रमांक आहे, तिथं पुढची वाट विचारा.

आता सावकार. आपल्याकडे शेकडा पाच रुपये महिना हा दर इतका अंगवळणी पडला आहे की लोक तो सहज सांगतात. वर्षाचे साठ टक्के झाले ते! महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा 2014 चा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारण कर्जावर 12 टक्केच घेता येतात. इतरांकडून 15 आणि 18. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. बिगरपरवाना सावकारी हा तर गुन्हाच आहे. कर्जापोटी शेताचं खरेदीखत करून घेतलं असेल आणि व्यवहार 15 वर्षांच्या आतला असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन परत मागता येते. तालुक्याला सहाय्यक निबंधकांचं कार्यालय आहे. पायरी चढायला लाजू नका, लाजायचं सावकारानं.

पण नुसत्या कायद्यानं घर मोकळं होत नाही. आमचं खरं भांडण तुमच्या एका सवयीशी आहे. तुम्ही व्याज भरता आणि मुद्दलाला हात लावत नाही.

हिशेब बघा. वीस हजार रुपये, शेकडा पाचनं. महिन्याचं व्याज हजार रुपये. हजारच भरत राहिलात तर वीस महिन्यांत वीस हजार दिले आणि वीस हजार जसेच्या तसे डोक्यावर. आता रोज फक्त दहा रुपये बाजूला टाका. महिन्याचे तीनशे होतात. व्याजाच्या हजारासोबत हे तीनशे मुद्दलात घाला आणि मुद्दल उतरलं तरी दर महिन्याचे तेराशे कमी करू नका. अडीच वर्षांत कर्ज संपतं. तीनशेऐवजी पाचशे घातले, तर दोन वर्षांच्या आत संपतं. हेच वीस हजार बचत गटातून शेकडा दोननं उचलून सावकाराचं तोंड एकदाच बंद केलं आणि महिन्याला तेच दीड हजार गटात भरले, तर सोळाव्या महिन्यात बाई मोकळी. पोरीला पाटी-पेन्सिल घेऊन बसवा आणि हा हिशेब करायला लावा.

"दहा रुपयांनी काय होतंय?" म्हणणारे पारावर पुष्कळ भेटतात. त्यांच्या खिशातली पुडी बघा. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे आणि टपरीवर रोज तीस-चाळीस रुपयांचा गुटखा विकत मिळतो. घरधन्यांनो, बायको दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून किलोकिलोनं पैसे आणते आणि तुम्ही ते थुंकून टाकता, याची लाज वाटू द्या. दुसरे म्हणतात, कर्जमाफी येईल. 2017 ला आली, 2019 ला आली. दोन्ही वेळा बँकांच्या शेतीकर्जाची आली. खासगी सावकाराचा आणि मायक्रोफायनान्सचा एक रुपया त्यात माफ झाला नाही. या वादात आम्हाला वेळ घालवायचा नाही.

ज्यांचं 2025 च्या सप्टेंबरात सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेला, गोदावरी-दुधनाकाठी ज्यांची माती खरडून गेली, त्यांना आम्ही "बचत करा" म्हणून डिवचत नाही. त्यांनी हप्ता पुढं ढकलण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. आम्ही सोबत येऊ. पण हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढू नका. पालम, सोनपेठ, जिंतूरकडच्या कितीतरी ऊसतोड कोयत्यांच्या घरी मुकादमाची उचल, दोन कंपन्यांचे हप्ते आणि सावकाराचं व्याज असं सगळं एकाच मजुरीवर चाललेलं आहे.

काय करायचं ते आता सांगतो. घरातली सगळी कर्जं एका वहीत लिहा: कोणाचं, मुद्दल किती, महिन्याला व्याज किती. नवऱ्यानं लपवलेलं आणि बायकोनं लपवलेलं, दोन्ही. बाकीचे हप्ते वेळेवर भरा, पण जादा पैसा ज्याचं व्याज सगळ्यात जड त्याच्याच मुद्दलात घाला, चार ठिकाणी वाटू नका. बाजारच्या दिवशी मजुरी हातात पडली की आधी बचतीच्या डब्यात टाका, मग पिशवी उचला. दूध, अंडी, शेळीचं पिल्लू, खताची रिकामी पोती, जे वरचं सुटेल ते डब्यात. जादा रक्कम भरताना पावतीवर आणि कर्जाच्या कार्डावर "मुद्दलात जमा" असं समोर लिहून घ्या, नाहीतर ती पुढच्या हप्त्यात जाते. कर्ज संपलं की निरंक दाखला मागा. दुसऱ्याच्या कर्जासाठी आपलं आधार कार्ड आणि अंगठा देऊ नका, सख्खी जाऊ असली तरी. बस्ता, डीजे आणि हप्त्यावरचा मोबाईल दोन वर्षं थांबू शकतो.

आमच्या बचत गटांविषयी एक सांगणं भाग आहे. कंपनीचा माणूस दहा बायका गोळा करतो आणि त्याला गट म्हणतो. तिथं बचत नसते, फक्त वसुली असते. आमच्याकडे आधी बचत आणि मग कर्ज. दर आठवड्याला बैठक, वही सगळ्यांसमोर उघडी, व्याज गटातच राहतं आणि वर्षाअखेरीला आपल्यालाच मिळतं. दुष्काळातही बैठका चुकू दिल्या नाहीत, अक्षर न येणाऱ्या बायकांनी हिशेब तोंडपाठ ठेवले. ज्यांनी गट अर्ध्यावर सोडले, वही पेटीत घालून ठेवली, त्या अध्यक्ष-सचिवांनी ती बाहेर काढावी. तुमच्यामुळे तुमच्या गावातल्या बाया सावकाराच्या दारात उभ्या आहेत.

येत्या आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, आपापल्या गावात मारुतीच्या पारावर बैठक आहे. बाप्यांनीही यायचं आहे. येताना कर्जाची कार्डं, सावकाराच्या चिठ्ठ्या, बँकेचं पासबुक आणि पहिले दहा रुपये घेऊन या. आणि रात्री कोणाच्या अंगणात वसुलीवाला बसलेला दिसला, तर दारात उभं राहू नका, अंगणात जाऊन त्या घरच्या बाईशेजारी बसा.