चिलखत कोणासाठी?

मुंबई-गोवा मार्गाने पनवेल सोडून कर्नाळ्याच्या दिशेने निघाले की वाटेत शिरढोण लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म या गावी झाला. पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत त्यांनी शरीर कमावले. १८७६-७७ च्या दुष्काळात रयतेची दैना पाहून १८७९ साली रामोशी, कोळी, धनगर सोबत्यांसह तेच शरीर त्यांनी परकीय सत्तेविरुद्धच्या बंडात झोकून दिले. पत्नी गोपिकाबाई यांनाही त्यांनी घोड्यावर बसण्याचे व शस्त्र चालविण्याचे शिक्षण दिले, असे चरित्रकार सांगतात. लढायचे तर अंगात बळ हवे आणि ते स्त्रीलाही हवे, एवढी साधी गोष्ट त्या घराला दीडशे वर्षांपूर्वी कळली होती.

आज शिरढोणच्या मुलांच्या हातीही, इतर गावांतल्याप्रमाणेच, मोबाइल आहे आणि त्यावर अद्भुत युद्धांचे खेळ आहेत. त्यांतील चित्रे जरा निरखून पाहावीत. पुरुष योद्धा नखशिखान्त पोलादात मढविलेला. खांदे दरवाजाएवढे, मान डोक्याइतकी रुंद. त्याच सैन्यातली, त्याच शत्रूशी झुंजणारी स्त्री मात्र पोट व मांड्या उघड्या टाकून, उंच टाचांवर उभी. तिच्या वाट्याला चिलखत आलेच तर त्यावर छातीचे दोन उंचवटे काढलेले. म्हणजे आलेला वार बाहेर निसटण्याऐवजी नेमका मध्यभागी, काळजाकडेच वळावा! पुरुषाचे शरीर काही करण्यासाठी रेखाटलेले असते, स्त्रीचे शरीर पाहिले जाण्यासाठी. सारा भेद या एका वाक्यात आहे.

ही धाटणी आजची नाही. अमेरिकेत १९६६ पासून फ्रँक फ्रझेटाने कोननच्या कथांसाठी मुखपृष्ठे रंगविली. पिळदार नायक आणि त्याच्या पायाला बिलगलेली स्त्री, हा साचा त्यांतून रूढ झाला. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. त्याच्या व त्याच्या वारसांच्या चित्रांत तो साचा उतरला आणि तेथून संगणकाच्या पडद्यावर पोहोचला. गिऱ्हाईक पुरुषच आहे, हे विक्रेत्याने गृहीत धरले. आता तर पात्रांचे नवनवे पोशाख पैसे घेऊन विकणे हाच अनेक खेळांचा धंदा होऊन बसला आहे. स्त्रीदेहाची वस्तू करणे ही बाजाराची जुनी खोड. येथे तिला केवळ नवे दुकान मिळाले आहे.

यावर असे म्हटले जाते की, पुरुषाचा देहही अतिरंजितच असतो. ते खरे आहे. तालमीला जाणाऱ्या पोराला त्या अशक्य देहापुढे स्वतःची लाज वाटावी, हीही हानीच आहे. परंतु दोन्ही अतिशयोक्ती सारख्या नव्हेत. एक बळाची आहे, दुसरी उपलब्धतेची. कल्पनेला वास्तवाचे बंधन नसते, हा युक्तिवादही फसवा आहे. ज्या कल्पनेला उडणारे सर्प सुचतात, तिला अंगभर चिलखत घातलेली बाई का सुचू नये?

हा सोवळेपणाचा आग्रह नव्हे. वेरूळच्या शिल्पांतील महिषासुरमर्दिनीचे अंग फारसे झाकलेले नाही. तरीही पाहणाऱ्याची दृष्टी तिच्या आवेशावर आणि महिषावर रोखलेल्या शस्त्रावर जाते, कारण तो देह कार्यात गुंतलेला आहे. आगरी-कोळी स्त्री कासोटा घट्ट खोचून गुडघाभर चिखलात भात लावते. तिचे उघडे पाय कोणासाठी मांडलेले प्रदर्शन नसते. प्रश्न वस्त्राच्या लांबीचा नाही, प्रतिष्ठेचा आहे.

असे काढले नाही तर खेळ खपत नाही, हेही असत्य ठरले आहे. १९९६ साली अवास्तव बांध्यानिशी अवतरलेली लारा क्रॉफ्ट २०१३ मध्ये मापातल्या शरीराची, चिखलाने माखलेली, जखमा सोसणारी तरुणी झाली. त्या खेळाचा खप मालिकेतील आधीच्या खेळांहून अधिक झाला. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली काढलेल्या ‘राजी’ या खेळाची नायिका भावाला सोडवायला निघालेली सर्कशीतली मुलगी आहे. तिचे सामर्थ्य तिच्या उड्यांत आणि हातातल्या त्रिशुळात आहे. जे पुण्यात जमले ते इतरत्र अशक्य का असावे?

बंदी हा यावरचा उपाय नाही; बंदीने चित्र लपते, दृष्टी बदलत नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला ही चित्रे समोर ठेवून मुलामुलींशी मोकळेपणाने बोलावे, चित्रकार घडविणाऱ्या संस्थांनी काम करणाऱ्या देहांचा अभ्यास शिकवावा आणि खेळ घडविणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा वाढावा. फडक्यांचा कमावलेला देह १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या कैदेत झिजून गेला. त्याचे मोल त्याच्या आकारात नव्हते, त्याने पत्करलेल्या कार्यात होते. शिरढोणच्या मुलीने उद्या पडद्यावर आपल्यासाठी योद्धा निवडला, तर तिला आधी तिचे शौर्य दिसावे, आणि चिलखत तिच्याही अंगावर पुरते असावे. ही मागणी मोठी नाही. पण ती मान्य झाल्यावाचून समतेची भाषा पोकळच राहील.